पुण्यात काम आहे, पण किती दिवसांचे?

पुण्यातील बेकारीचा विषय निघाला की अलीकडे दोन पुरावे हमखास पुढे केले जातात. एक म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर फिरलेली चित्रफीत: शहरातल्या एका आयटी कंपनीबाहेर बायोडाटाच्या फायली घेऊन ताटकळलेले तरुण अभियंते, आणि त्या रांगेत तीन हजार जण असल्याच्या बातम्या. दुसरा पुरावा चाकण-म्हाळुंगेच्या कारखानदारी पट्ट्यातल्या रस्त्यांवर कोणालाही दिसतो. विजेच्या खांबांवर आणि टपऱ्यांच्या पाठींवर 'हेल्पर पाहिजेत, दहावी-बारावी-आयटीआय, जॉइनिंग ताबडतोब' अशी पत्रके एकावर एक चिकटवलेली असतात. पहिला पुरावा दाखवणारे म्हणतात, नोकऱ्याच उरल्या नाहीत. दुसरा दाखवणारे म्हणतात, कामाला माणूस मिळत नाही, आजच्या पोरांना पंख्याखालची खुर्ची हवी. दोन्ही पुरावे खरे आहेत. त्यांवरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मात्र फसतात, कारण काम आहे की नाही या एकाच प्रश्नाभोवती दोघेही घुटमळत राहतात. माझ्या मते पुण्यापुरता तो प्रश्न आता गैरलागू झाला आहे. काम आहे. ते किती महिने टिकते, कोणाच्या हजेरीपटावर असते आणि त्यातून पुढची पायरी मिळते की नाही, हा इथला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणारी मोजणी या शहरात कोणीही करत नाही.

आधी आकडे पाहू, कारण वाद तापला की दोन्ही पक्ष अखेरीस आकड्यांच्याच आडोशाला जातात. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबळ पाहणीनुसार देशातील बेकारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. हा दर खोटा नाही, पण त्यामागची व्याख्या ठाऊक नसताना तो फेकणे धोक्याचे आहे. या पाहणीच्या वार्षिक पद्धतीत वर्षभरात तीस दिवस दुय्यम काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. साप्ताहिक पद्धतीत तर सात दिवसांत एक तास काम केलेले पुरते. घरच्या दुकानात बिनपगारी हातभार लावणाराही रोजगारातच. म्हणून याच काळात देशातील स्वयंरोजगार करणाऱ्यांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरला, ही गोष्ट बेकारीच्या दरात कुठेच उमटत नाही. पदवीधरांमधील बेकारी २०२२-२३ मध्ये १३.४ टक्के होती, म्हणजे एकूण दराच्या चौपटीहून अधिक. ज्यांनी काम शोधणेच सोडले, ते तर हिशेबातूनच बाद होतात. शहरी भारतातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २०२३-२४ मध्ये जेमतेम २८ टक्के श्रमबळात होत्या. बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या आणि 'सध्या घरीच' असलेल्या अभियंत्या कोथरूड-बाणेरच्या कोणत्याही सोसायटीत भेटतात. त्या काम शोधत नाहीत, म्हणून पाहणीच्या भाषेत त्या बेकारही नाहीत.

शिवाय हे झाले देशाचे आकडे. या पाहणीच्या वार्षिक अहवालांत राज्याचा दर मिळतो, पुण्याचा वेगळा दर मिळत नाही. शेवटची जनगणना २०११ ची; तेव्हा पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत सुमारे १७ लाख माणसे होती. त्यानंतर पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली, आयटी कंपन्यांची हिंजवडी आणि कारखान्यांचे चाकण महापालिकांच्या हद्दीबाहेर राहूनच फुगत गेले, आणि पुढची जनगणना २०२७ ची ठरली आहे. छेदस्थानी काय लिहायचे हेच माहीत नसताना बेकारीची टक्केवारी सांगणाऱ्यांच्या आत्मविश्वासाचे नवल वाटते. यातला उपरोध असा की भारतात ज्या शहरांनी स्वतःची मोजदाद सर्वात आधी आणि नेटकेपणाने केली, त्यांत पुण्याचे नाव वरचे आहे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच दशकात पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. पेठापेठांतून, घरोघर जाऊन. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या दशकात संस्थेने फेरपाहणी केली, आणि तिचा विषयच रोजगार व मिळकतीचे बदलते स्वरूप हा होता. तेव्हा पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना नुकता उभा राहत होता, औद्योगिक विकास महामंडळ जन्माला यायचे होते. ज्या काळात बदल थोडे होते तेव्हा मोजणी झाली; बदलांचा पूर आल्यावर ती बंद पडली.

आता त्या पत्रकाकडे परत जाऊ, कारण ते नीट वाचले तर त्यात बरेच काही सापडते. वय १८ ते २८, बारा तास ड्युटी, ओटी वेगळा, जेवण आणि बसची सोय, खाली फक्त मोबाइल क्रमांक. कंपनीचे नाव बहुतेक वेळा नसतेच. कसे असेल? भरती करणारा ठेकेदार असतो. लातूर, नांदेड किंवा बुलढाण्याहून आलेला मुलगा नाणेकरवाडीत नाहीतर खराबवाडीत चार-पाच जणांत खोली घेतो, गेटपास मिळवतो, लाइनवर उभा राहतो आणि सहा-सात महिने झाले की त्याला 'ब्रेक' मिळतो. हा ब्रेक कायद्याच्या एका आकड्यातून आला आहे. महाराष्ट्रात अनेक दशके लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवसांची अखंड सेवा भरली की कायम होण्याचा त्याचा हक्क उभा राहतो. तेव्हा ते दिवस भरूच द्यायचे नाहीत. ब्रेकनंतर तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर शेजारच्या कारखान्यात, कधीकधी त्याच कारखान्यात, पुन्हा 'नवा' म्हणून लागतो. पाच वर्षांनी त्याच्याकडे पाच वर्षांचा अनुभव नसतो. सात महिन्यांचा अनुभव सात-आठ वेळा घेतलेला असतो. अठ्ठाविसाव्या वर्षी पत्रकातली वयोमर्यादाही संपते. पाहणीच्या हिशेबी तो या संपूर्ण काळात रोजगारात होता.

हे चाकणचेच वैशिष्ट्य आहे असे नाही. वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातील संघटित कारखान्यांच्या कामगारांत कंत्राटी कामगार या शतकाच्या सुरुवातीला पाचांत एक होते; २०२२-२३ पर्यंत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर, म्हणजे पाचांत दोन झाले. वातानुकूलित कार्यालयांतले चित्र फार वेगळे आहे असेही समजू नये. टीसीएसने जून २०२५ मध्ये लागू केलेल्या धोरणानुसार कर्मचाऱ्याला वर्षात २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर असणे आवश्यक ठरले आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, बसण्याची मर्यादा ३५ दिवसांवर आली. पुढच्याच महिन्यात कंपनीने जगभरातील सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. चाकणच्या मुलाला २४० दिवस भरू दिले जात नाहीत आणि हिंजवडीच्या मुलाने २२५ भरलेच पाहिजेत. पगारात जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी मागणी घटली की त्याची झळ आधी कोणाला, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. पुण्यात खरोखरच रोजगार नसता तर मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश इथून माणसे आली असती का? ओस पडलेल्या गावात कोणी खोलीचे भाडे भरायला येत नाही. हे मान्य आहे. पुण्याची स्थिती बहुतेक भारतीय शहरांपेक्षा बरी आहे, आणि हे नाकारणारा लेख लिहिण्याची माझी इच्छा नाही. परंतु माणसांच्या ओघावरून रोजगाराची मुबलकता सिद्ध होत नाही. १९७० मध्ये हॅरिस आणि टोडारो या दोन अर्थतज्ज्ञांनी मांडलेला मुद्दा आजही खोडला गेलेला नाही: शहरात चांगल्या पगाराच्या थोड्या जागा असल्या की त्या मिळण्याच्या आशेने त्यांच्या कितीतरी पट माणसे येतात, आणि म्हणून शहराची भरभराट आणि शहरातली बेकारी एकाच वेळी वाढू शकते. ओघ हा गावाकडच्या शेतीच्या अवस्थेचा पुरावा जास्त आहे. सोयाबीनला भाव नाही म्हणून आलेला मुलगा पुण्याने काय दिले याची साक्ष देऊ शकत नाही. तो फक्त गावाने काय दिले नाही हे सांगतो.

दुसरा आक्षेप सदाशिव पेठेकडे बोट दाखवतो. नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यातल्या अभ्यासिकांत हजारो पदवीधर वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. ही बेकारी ऐच्छिक आहे, बापाच्या पैशावरची आहे, असे म्हटले जाते. यातही तथ्य आहे. खरा गरीब बेकार राहूच शकत नाही. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा बिगारी दुपारपर्यंत मुकादमाची वाट पाहतो, तीन वर्षे जाहिरात निघण्याची वाट पाहत नाही. पण ऐच्छिक म्हटले की चर्चा संपते, ती का? अभ्यासिकेत एका टेबलाच्या जागेचे महिन्याचे पैसे भरून, मेसचा डबा खाऊन, कट-ऑफच्या दोन गुणांनी हुकलेला मुलगा चौथ्या प्रयत्नाला बसतो तेव्हा तो मूर्ख असतो असे मानायला मी तयार नाही. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. शंभरात एकाची संधी असलेला हा डाव लोक का खेळतात? दुसऱ्या पानावर काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक असते म्हणून. तिथे ठेकेदाराचे सात महिने आहेत. यातला कोणी मुक्त विद्यापीठात एम.ए.ला नाव घालून ठेवतो आणि पाहणीत विद्यार्थी म्हणून नोंदला जाऊन श्रमबळाबाहेर पडतो, हा आणखी एक घोळ.

सरकारी नोकरीची ओढ मराठी माणसाच्या रक्तातच आहे, हे मत मी अनेक सुशिक्षितांकडून ऐकतो आणि त्याचा मला कंटाळा आला आहे. ऐंशीच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या आसपास लग्नाच्या बैठकीत 'मुलगा टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) परमनंट आहे' एवढे सांगितले की पुढची चौकशी थांबत असे. बजाज, किर्लोस्कर, फिलिप्स यांच्याही नोकऱ्यांना हाच मान होता. खाजगी कारखान्यातला फिटर तहसील कचेरीतल्या कारकुनाच्या तोडीस तोड स्थळ मानला जाई, कारण त्याच्या नोकरीत घर बांधण्याइतकी मुदत होती. रक्त तेच आहे. बदलली ती नोकरी.

तिसरा आक्षेप कारखानदारांचा, आणि त्यातली तक्रार मला सर्वांत प्रामाणिक वाटते. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपचा मालक सांगतो की डिप्लोमा झालेल्या मुलाला व्हर्निअरवरचे माप वाचता येत नाही, ड्रॉइंग उलटे धरतो, सीएनसी यंत्रावर बसवायचे तर आधी सहा महिने शिकवावे लागते. हे खरे आहे, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची पटसंख्या वाढवताना प्रयोगशाळांचे काय झाले याचा हिशेब शिक्षणसम्राटांकडे कधीतरी मागितला पाहिजे. मात्र शिकवणे ही उद्योगाचीही जबाबदारी होती. टेल्कोने पिंपरीत पाय रोवले ते प्रशिक्षण विभाग उभारूनच. तिथून शिकून बाहेर पडलेल्या अप्रेंटिसांनी पुढे भोसरीत स्वतःची युनिट्स काढली. ज्याला सात महिन्यांनी घालवायचे आहे त्याच्यावर सहा महिने शिकवण्याचा खर्च कोण करील? कौशल्याचा अभाव हे ब्रेकच्या पद्धतीचे कारण म्हणून सांगितले जाते. मला तो बऱ्याच अंशी तिचा परिणाम दिसतो. सरकारी उत्तरही त्याच साच्यातले निघाले. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार सहा, आठ आणि दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले, मुदत सहा महिने, जी पुढे अकरा महिन्यांवर नेली. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, आणि त्यांची मागणी एकच होती: कायम करा.

परप्रांतीयांनी नोकऱ्या नेल्या, या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. स्थानिकांना ऐंशी टक्के हे धोरण महाराष्ट्रात १९६८ पासून कागदावर आहे. हरियाणाने पंचाहत्तर टक्क्यांचा कायदाच केला, तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला. आणि मुळात सात महिन्यांच्या कामात ऐंशी टक्के वाटा मिळवून कोणाचे भले होणार आहे?

राहिला तो सर्वात कठीण आक्षेप. वाहन उद्योगात मागणी कधीच सपाट नसते. सणासुदीला तीन पाळ्या चालवाव्या लागतात, २०१९ सारखी मंदी आली की 'ब्लॉक क्लोजर' घ्यावे लागते, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवावा लागतो. प्रत्येक माणूस कायम केला तर कारखाना उत्तराखंडात पंतनगरला नाहीतर गुजरातेत सानंदला जाईल. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने अडीच लाख कामगारांचे काय झाले हे मुंबईने पाहिले आहे. १९८९ चा टेल्कोचा लढा आणि शनिवारवाड्यावरचे उपोषण पुण्याच्या उद्योजकांच्या आठवणीतून गेलेले नाही. ही भीती मी खोटी मानत नाही, आणि सगळे कामगार कायम करा ही मागणी मी करतही नाही. मागणी चढउतार करणार, हे मान्य. त्या चढउताराचा सगळा भार बाविशीतल्या मुलाने एकट्याने वाहावा, हे त्यातून कसे निघते?

हा प्रश्न महाराष्ट्रापुढे पहिल्यांदा आलेला नाही. गिरण्यांत 'बदली' कामगार असत. ते रोज सकाळी फाटकावर यायचे आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचे. ही अंदाधुंदी मालकांनाही परवडेना, तेव्हा १९३५ मध्ये गिरणीमालक संघानेच बदलींची संख्या मर्यादित करून त्यांना कार्डे देण्याची योजना आणली. पुढे बदली कामगारांना कायम करणे ही १९८२ च्या संपाची एक मागणी झाली, यावरून ती उपाययोजना किती अपुरी होती हे कळते. त्याहून धाडसी उत्तर हमाल-माथाडींसाठीच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने दिले. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला हमाल आज एका गाळ्यावर तीन पोती उतरवतो, उद्या दुसरीकडे ट्रक. त्याला एक मालक नाही आणि असूही शकत नाही. तरीही त्याची नोंदणी या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे आहे, हमाली-वाराईचे पैसे आणि त्यावरची लेव्ही व्यापारी मंडळाकडे भरतो, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस त्यातून उभे राहतात. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात हे हक्क लढून मिळवले आणि राबवून घेतले. काम अस्थिर राहिले, तरी माणसाची सेवा अखंड मोजली जाऊ लागली. माथाडीच्या नावाखाली औद्योगिक पट्ट्यात खंडणी उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या, ही उद्योगांची तक्रार रास्त आहे आणि त्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. त्या तक्रारीने कायद्यामागची युक्ती मात्र बाद होत नाही. १९८१ मध्ये राज्याने हीच युक्ती खाजगी सुरक्षारक्षकांनाही लागू केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला हे चांगलेच झाले. पण ज्याचे वर्षच पूर्ण होऊ दिले जात नाही त्याच्या हाती त्यातून काय पडणार? सेवा कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या नावावर न मोजता कामगाराच्या नावावर मोजली, तरच ब्रेकचा डाव निरर्थक होतो.

तेव्हा चाकण, रांजणगाव आणि तळेगाव या पट्ट्यांतील कंत्राटी कामगारांसाठी असे नोंदणी मंडळ काढावे, आणि त्याआधी दोन्ही महापालिकांनी व जिल्हा प्रशासनाने मिळून शहराची रोजगार पाहणी पुन्हा सुरू करावी. त्यात बेकारीचा दर काढला नाही तरी चालेल. गेल्या तीन वर्षांत किती ठेकेदारांच्या नावावर काम केले, मधले खाडे किती दिवसांचे होते, शेवटची पगारवाढ कधी मिळाली आणि अभ्यासिकेत असाल तर कोणत्या वर्षापासून, एवढे विचारले तरी आजच्या वादातील निम्मी विधाने गळून पडतील. माहिती अजिबात नाही अशातलाही भाग नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना कायम आणि बिगर-कायम कामगारांची संख्या वार्षिक अहवालात देणे बंधनकारक केले आहे. तेच आकडे कारखानानिहाय मागितले तर पुणे जिल्ह्यातल्या मोठ्या वाहन कंपन्यांचे चित्र वर्षभरात समोर येईल. मंडळाचा खर्च कोणी उचलायचा, हा आक्षेप पुढे येणारच. कंत्राटी कामगाराच्या प्रत्येक हजेरीमागे ठेकेदाराचे कमिशन आजही कंपन्याच भरतात, आणि लेव्हीची सुरुवात त्या रकमेतून करता येईल.